डिरोझिओचा वर्ग

साहित्य वर्गात शिकवता येते काय, हा वाद प्राध्यापकांच्या खोलीत जितका जुना आहे तितकाच तो मागच्या बाकांवरही जुना आहे. कविता घरी एकट्याने वाचावी, वर्गात तिची केवळ चिरफाड होते, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. परीक्षेत नायकाचे स्वभावचित्र रेखाटा म्हणून प्रश्न येतो, गाईडात त्याचे आठ गुण क्रमाने दिलेले असतात, ते आपण लिहितो आणि नायकाचा व आपला संबंध तिथेच संपतो. ज्याची हकीकत येथे सांगायची आहे त्याच्या वाट्याला याच्या अगदी उलट संकट आले. त्याच्या वर्गात साहित्य इतके खरे होऊन बसले की पोरांचे बाप घाबरले, कॉलेजचे चालक घाबरले आणि अखेर त्याला वर्ग सोडावा लागला. तेव्हा त्याचे वय बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस तो मरण पावला.

हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ याचा जन्म एप्रिल १८०९ मध्ये कलकत्त्यास झाला. वडील फ्रान्सिस डिरोझिओ पोर्तुगीज-भारतीय वंशाचे, एका व्यापारी पेढीत हिशेबनीस होते. आई सोफिया जॉन्सन इंग्रज. ती हेन्री सहा वर्षांचा असतानाच वारली. घर खाऊनपिऊन सुखी, पण समाजातील स्थान मात्र विचित्र. इंग्रजांच्या दृष्टीने ही मंडळी काळी आणि हिंदूंच्या दृष्टीने म्लेंच्छ. कोणत्याच पंगतीत ज्याचे पान वाढलेले नाही असा मुलगा एक तर मुकाट्याने कोपऱ्यात बसतो, नाही तर पंगतीच्या नियमांकडेच डोळे उघडून पाहू लागतो. हेन्री दुसऱ्या जातीचा निघाला.

त्याचे सगळे शालेय शिक्षण धर्मतल्ल्याच्या एका शाळेत, डेव्हिड ड्रमंड या स्कॉच मास्तराच्या हाताखाली झाले. ड्रमंड स्वतः कवी होता, ह्यूमच्या विचारांचा होता, आणि धर्माच्या बाबतीत स्वतंत्र वृत्तीचा म्हणून त्या काळच्या गोऱ्या कलकत्त्यात थोडा बदनामही होता. त्याच्या शाळेत युरोपीय, युरेशियन आणि हिंदी मुले एकाच बाकावर बसत. ही गोष्ट आज लिहिताना सोपी वाटते; त्या वेळी तसे बसणे दुर्मीळ होते. हेन्री तिथे इंग्रजी काव्य शिकला, नाटकांत कामे करू लागला आणि वादविवाद करू लागला. एखाद्या माणसाने पुढे जे केले त्याचे मूळ त्याच्या मास्तरात शोधण्याची चरित्रकारांना खोड असते. येथे मात्र ते शोधावे लागत नाही, ते समोरच दिसते. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. यापुढे त्याला कुठल्याही विद्यालयाचे वा विद्यापीठाचे तोंड विद्यार्थी म्हणून पाहायला मिळाले नाही.

काही दिवस त्याने वडिलांच्या पेढीत कारकुनी केली. ती मानवेना, म्हणून त्याला भागलपूरकडे मावशीच्या यजमानांच्या निळीच्या कारखान्यावर पाठवण्यात आले. निळीच्या हौदांपेक्षा त्याचे लक्ष गंगेकडे अधिक असे. सुलतानगंजजवळ ऐन प्रवाहात जहांगिरा नावाचा एक खडक उभा आहे. त्यावर पूर्वी एक फकीर राहत असे. तो खडक त्याच्या मनात घर करून राहिला. तिथून त्याने ‘इंडिया गॅझेट’ पत्राकडे टोपणनावाने कविता धाडायला सुरुवात केली. संपादक डॉ. जॉन ग्रँट याने त्या छापल्या, एवढेच नव्हे तर पोराला हाताशी धरले. १८२७ मध्ये त्याचा पहिला काव्यसंग्रह निघाला तेव्हा कवीला अठरा वर्षे पूर्ण होत होती. हिंदुस्थानला आपली मायभूमी म्हणून संबोधणारी इंग्रजी कविता प्रथम लिहिली ती याच मिश्रवंशीय मुलाने. पुढच्या पिढ्यांना ही गोष्ट अभिमानाची वाटली. त्याच्या हयातीत तिची फारशी कोणी दखल घेतली असे दिसत नाही.

या सुमारास, १८२६ मध्ये, त्याची हिंदू कॉलेजात नेमणूक झाली. हे कॉलेज २० जानेवारी १८१७ रोजी कलकत्त्याच्या प्रतिष्ठित हिंदू गृहस्थांनी, डेव्हिड हेअर या घड्याळजीच्या प्रयत्नांतून आणि आग्रहातून, उघडलेले. प्रवेश फक्त उच्चवर्णीय हिंदू मुलांना. कॉलेज हे नाव मोठे असले तरी त्यात अगदी लहान मुलांपासून सगळे वर्ग होते. डिरोझिओकडे वरच्या वर्गांना इंग्रजी साहित्य आणि इतिहास शिकवण्याचे काम आले. शिक्षक सतरा वर्षांचा. रसिककृष्ण मल्लिक हा विद्यार्थी त्याच्याहून एखाद्याच वर्षाने लहान. कृष्णमोहन बॅनर्जी, राधानाथ सिकदार, रामतनु लाहिडी ही मुले चारपाच वर्षांनी लहान.

नेमलेल्या पुस्तकांची यादी पाहिली तर कोणाही विद्यार्थ्याच्या छातीत धडकी भरावी. गोल्डस्मिथने लिहिलेले ग्रीस, रोम आणि इंग्लंडचे इतिहास, रॉबर्टसनचा पाचवा चार्ल्स, गेच्या नीतिकथा, पोपने इंग्रजीत आणलेला होमर, ड्रायडनचा व्हर्जिल, मिल्टनचे महाकाव्य आणि शेक्सपिअरची एखादी शोकांतिका. ज्या मुलाच्या घरी चंडीपाठ होतो, ज्याने समुद्र पाहिलेला नाही आणि ज्याला ट्रॉय कुठे होते ते ठाऊक नाही, त्याच्यापुढे होमर ठेवून काय साधणार? ही अडचण आपल्या आजच्या वर्गातही आहेच. परभाषेतील कविता आधी कोशातून, मग टिपांतून आणि शेवटी, वेळ उरला तर, कवितेतून वाचली जाते.

डिरोझिओने या अडचणीवर जो उपाय केला तो एखाद्या शिक्षणशास्त्राच्या ग्रंथातून उचललेला नव्हता. वरच्या तीन वर्गांतील मुलांसाठी त्याने शाळेच्या वेळेआधी किंवा शाळा सुटल्यावर, जवळजवळ रोज, मोकळ्या बैठकी सुरू केल्या. त्यांत काव्य, साहित्य आणि नीतिशास्त्र यांचे वाचन चाले आणि वाचलेल्यावर बोलणे होई. म्हणजे नेमलेला उतारा वर्गात समोर येण्यापूर्वी त्या उताऱ्यामागचे जग मुलांच्या कानावरून गेलेले असे. अथेन्समध्ये कोणाला कशासाठी विष पाजले, रोममध्ये कोणी कोणाविरुद्ध उठाव केला, हे आधी इतिहासातून कळायचे, मग काव्य. इतिहास आणि साहित्य हे दोन्ही विषय एकाच माणसाच्या हाती असण्याचा केवढा फायदा झाला असेल! आपल्याकडे त्यांचे तास वेगळे, खोल्या वेगळ्या आणि बहुधा एकाचा दुसऱ्याला पत्ता नसतो.

पुढे लेखक म्हणून नावारूपास आलेला प्यारीचांद मित्र याच कॉलेजातला. त्याने मागाहून लिहून ठेवले आहे की डिरोझिओ प्राचीन इतिहासातील न्यायप्रेम, देशभक्ती, परोपकार आणि स्वार्थत्याग यांची उदाहरणे मुलांना वारंवार वाचून दाखवी, आणि ती अशा रीतीने दाखवी की कोणाच्या मनावर न्याय ठसे, कोणाच्या मनावर सत्य, तर कोणाच्या मनावर देश. या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. एकच उदाहरण सर्वांना सांगून सर्वांकडून एकच धडा घोकून घ्यायचा, असा प्रकार तिथे नव्हता. वीर कोण, हे मास्तरने ठरवून दिलेले नव्हते. स्वतः विचार करा, दुसऱ्याने घडवलेल्या मूर्तींना भुलू नका, हे त्याचे एकच पालुपद होते, आणि या मूर्ती म्हणजे बेकनने सांगितलेल्या मनातल्या मूर्ती. कलकत्त्यात तो शब्द देव्हाऱ्यातल्या मूर्तींनाही लागू पडणार, हे त्याला कळत नसेल असे वाटत नाही.

वीरांची गोष्ट आपल्याला संस्कृतच्या वर्गात चार खणांत भरून मिळते: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. एकदा खण ठरला की नायकाला जाब विचारायचे कारण उरत नाही. हिंदू कॉलेजातली पोरे मात्र नायकांना जाब विचारू लागली, आणि काव्यातल्या नायकांपासून घरातल्या नायकांपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला नाही. त्या वेळची एक हकीकत प्रसिद्ध आहे. घरच्या मंडळींनी मुलांना बळजबरीने पूजेस बसवावे आणि मुलांनी मंत्रांच्या जागी इलियडमधल्या ओळी पुटपुटाव्या. हा व्रात्यपणा होता हे उघड आहे. पण परक्या भाषेतले महाकाव्य पूजेच्या आसनावरही आठवावे इतके तोंडी बसले होते, ही गोष्टही तितकीच उघड आहे. परीक्षेसाठी पाठ केलेले काव्य परीक्षेनंतर कुठे जाते ते आपण जाणतोच.

मुलांना शिकवता शिकवता डिरोझिओ स्वतःही शिकत होता. १८२८ मध्ये त्याचे ‘द फकीर ऑफ जंगीरा’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले. नलिनी नावाच्या विधवेला सती जाण्यासाठी चितेवर आणतात. त्या खडकावर राहणारा फकीर हा तिचा पूर्वीचा प्रियकर आणि आता लुटारूंच्या टोळीचा नायक. तो आपल्या साथीदारांसह येऊन तिला चितेवरून सोडवून नेतो. तिचा बाप राजमहालास शाह शुजाकडे दाद मागतो, सैन्य येते, झुंज होते, फकीर मारला जातो आणि नलिनी त्याच्या प्रेताशेजारीच प्राण सोडते. काव्य म्हणून ते बायरनच्या छायेत वाढलेले आहे आणि ठिकठिकाणी पाल्हाळही आहे. ते आज कोणी आवडीने वाचील असे मला वाटत नाही. पण त्याचा नायक पाहा. तो मुसलमान फकीर आहे, दरोडेखोर आहे, आणि हिंदू विधवेला धर्माच्या आगीतून ओढून काढणे हे त्याचे शौर्य आहे. सतीबंदीचा कायदा अजून व्हायचा होता. तो ४ डिसेंबर १८२९ रोजी झाला. या काव्यात मध्येच राजा विक्रम आणि स्मशानातील वेताळ यांची कथा येते. ती त्याला कुठून मिळाली? हिंदू कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने वेताळपंचविशीचे भाषांतर आणून दिले होते, असे त्याने स्वतःच टिपेत नमूद केले आहे. मास्तरने होमर द्यावा आणि पोराने वेताळ आणून द्यावा, अशी ती देवघेव होती.

वर्ग आणि बैठकी अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा १८२८ मध्ये ‘ॲकॅडेमिक असोसिएशन’ नावाची वादसभा निघाली. ती प्रथम डिरोझिओच्या घरी आणि नंतर माणिकतल्ल्याला श्रीकृष्ण सिंह यांच्या बागेतील घरी भरे. दैव की प्रयत्न, पाप-पुण्य, देशप्रेम, मूर्तिपूजा, ईश्वराच्या अस्तित्वाच्या बाजूचे आणि विरुद्धचे युक्तिवाद असे विषय असत. डेव्हिड हेअर नेमाने येऊन ऐकत, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश एडवर्ड रायनही कधी येत. १८३० मध्ये मुलांनी ‘पार्थेनॉन’ नावाचे पत्र काढले. पहिल्या अंकानंतरच चालकांनी ते बंद पाडले. शिक्षकांनी विद्यार्थ्यांशी धर्माविषयी बोलू नये असाही हुकूम निघाला.

नास्तिकपणा शिकवतो, हा डिरोझिओवरचा मुख्य आरोप. वस्तुस्थिती अशी की ईश्वराविषयी शंका घेणारा ह्यूमचा संवाद त्याने मुलांना वाचायला दिला होता, आणि त्याबरोबर ह्यूमला उत्तर देणारे रीड व ड्युगल्ड स्ट्यूअर्ट हेही दिले होते. दोन्ही बाजू वाचा, मग बोला. माझ्या मते हीच त्याची खरी अध्यापनपद्धती, आणि लोकांना हीच सर्वांत भयंकर वाटली. नुसती नास्तिकता शिकवणारा मास्तर परवडतो, कारण त्याला खोडून काढता येते. दोन बाजू समोर ठेवून गप्प बसणाऱ्या मास्तरला कसे खोडून काढणार?

पोरांनी मात्र गप्प बसण्याचा गुण घेतला नाही. भर रस्त्यात निषिद्ध अन्न खाणे, भटाभिक्षुकांना ओरडून चिडवणे, हे त्यांचे पराक्रम होऊन बसले. रसिककृष्णाने न्यायालयात गंगाजलावर शपथ घ्यायला नकार दिला, त्यात धैर्य होते. शपथ न घेता खरे बोलण्याची त्याची तयारी होती. पण ऑगस्ट १८३१ मध्ये कृष्णमोहन बॅनर्जीच्या घरी जमलेल्या मित्रांनी गोमांस खाऊन त्याची हाडे शेजारच्या ब्राह्मणाच्या घरात फेकली, त्यात कोणते धैर्य? कृष्णमोहन त्या वेळी घरी नव्हता, तरी घराबाहेर काढला गेला तो तोच. होमर वाचून अकिलीजचा राग तेवढा घ्यायचा आणि म्हाताऱ्या प्रायमपुढे त्याने ढाळलेले अश्रू सोडून द्यायचे, असा हा प्रकार झाला. आपल्याकडे मुंबईत १८४९ मध्ये परमहंस मंडळी निघाली. तिचे सभासद जातिबंधन मोडून पाव खात, पण दारे लावून खात; आणि १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली तशी मंडळीही फुटली. कलकत्त्याची पोरे गाजावाजा करून मोडत, मुंबईची गुपचूप मोडत. शौर्याचे हे दोन्ही नमुने अपुरेच म्हटले पाहिजेत. पण दोहोंत निवड करायची तर माझे मत कलकत्त्याच्या पारड्यात पडेल.

१८३१ च्या वसंतात गावात कुजबूज वाढली. डिरोझिओ बहीणभावाचे लग्न योग्य मानतो, आईबापांचा अपमान करायला शिकवतो, अशा कंड्या पिकल्या. पालक मुलांची नावे काढू लागले. २३ एप्रिल रोजी चालक मंडळाची सभा भरली. राधाकांत देव, रामकमल सेन यांच्यासारखे वजनदार गृहस्थ त्यात होते. डिरोझिओ शिक्षक म्हणून अयोग्य आहे, या म्हणण्याला सभेत बहुमत मिळाले नाही. तरीही लोकांच्या मनाची अवस्था पाहता त्याला काढणे इष्ट, असे ठरले. ते अनावश्यक आहे असे म्हणणारे एकटे श्रीकृष्ण सिंह, ज्यांच्या बागेत वादसभा भरे. हा हिंदूंच्या भावनेचा प्रश्न आहे म्हणून हेअर आणि होरेस विल्सन या दोघा इंग्रजांनी मत दिलेच नाही. संस्कृतचा एवढा मोठा पंडित विल्सन, आणि ऐन वेळी मत देण्याचे टाळतो! ज्याच्याविषयी निकाल द्यायचा त्याला मात्र कोणी बोलावलेही नाही.

२५ एप्रिलला डिरोझिओने राजीनामा दिला. आपली चौकशी न करता, आपले म्हणणे न ऐकता हे घडले, एवढे त्यात त्याने नोंदवले. विल्सनने खाजगी पत्र पाठवून त्या तीन आरोपांविषयी विचारले. त्याला डिरोझिओने दुसऱ्याच दिवशी दिलेले उत्तर हा माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा ग्रंथ. त्याच्या सर्व कवितांपेक्षा मोठा. ईश्वर नाही असे आपण कोणापुढेही म्हटलेले नाही. पण शंका घेणाऱ्यांची मते आपण मुलांपुढे मांडली आणि त्यांची उत्तरेही मांडली, हे तो लपवीत नाही. तरुणांना एकच बाजू शिकवून त्यांना हटवादी बनवणे हे आपल्या कामात बसत नाही, असे त्याचे म्हणणे. आईबापांविषयी तो दक्षिणारंजन मुखर्जीचे उदाहरण देतो: बापाच्या जाचाने घर सोडायला निघालेल्या या मुलाला आपणच थोपवले आणि आईबापांकडून पुष्कळ सोसावे लागते असे सांगितले. बहीणभावाच्या लग्नाची गोष्ट तर तो निव्वळ बाष्कळपणा म्हणून झटकून टाकतो. पत्रात कुठे आकांत नाही. नोकरी गेलेला, वडील आदल्याच वर्षी वारलेले, घरचा भार अंगावर असलेला बावीस वर्षांचा मुलगा हे लिहितो आहे, हे वाचताना आठवण करून घ्यावी लागते.

वर्ग गेला, पण विद्यार्थी गेले नाहीत. लोअर सर्क्युलर रोडवरच्या त्याच्या घरी त्यांची ये-जा चालूच राहिली. जूनमध्ये त्याने आपल्या युरेशियन समाजासाठी ‘ईस्ट इंडियन’ नावाचे दैनिक काढले आणि पैशाची ओढाताण सोसत चालवले. डिसेंबरात त्याला पटकी झाली. उशाशी होते ते डॉ. ग्रँट, घरची माणसे आणि कृष्णमोहन, रामगोपाल, दक्षिणारंजन यांसारखे जुने विद्यार्थी. ज्यांच्या घरून त्याच्या सावलीलाही बंदी होती तीच मुले त्याची शुश्रूषा करीत होती. २६ डिसेंबर १८३१ रोजी तो वारला. साउथ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत त्याचे थडगे आहे.

त्या वर्गातल्या मुलांचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय वर्गाची हकीकत पुरी होत नाही. सगळेच एका वाटेने गेले नाहीत. कृष्णमोहन १८३२ मध्ये ख्रिस्ती झाला आणि मोठा पंडित म्हणून गाजला. रामगोपाल घोष व्यापारी आणि फर्डा वक्ता झाला. प्यारीचांदाने १८५८ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘आलालेर घरेर दुलाल’मध्ये बोलीतल्या बंगालीला कादंबरीत आणले. राधानाथ सिकदार सर्वेक्षण खात्यात गणक झाला. १८५२ मध्ये ‘पंधरावे शिखर’ जगात सर्वांत उंच आहे असे ज्या गणितातून निघाले ते गणित त्याचे. शिखराला नाव मात्र दिले गेले त्याच्या जुन्या वरिष्ठाचे, एव्हरेस्टचे. याच राधानाथाने १८४३ मध्ये डेहराडूनकडे खात्याच्या मजुरांना वेठीस धरणाऱ्या गोऱ्या मॅजिस्ट्रेटाशी उघड भांडण घेतले आणि त्यापायी दंड सोसला. हाडे फेकण्यापेक्षा हे शौर्य निराळ्या जातीचे आहे, आणि तेही त्याच वर्गातून आले असावे असे मानायला मला आवडते. डिरोझिओच्या मागून याच कॉलेजात शिकलेल्या मायकेल मधुसूदन दत्ताने १८६१ मध्ये ‘मेघनादवध’ लिहून रावणाच्या मुलाला नायक केले. त्याच्या काव्यात निःशस्त्र, पूजेला बसलेल्या मेघनादाला लक्ष्मण मारतो. वीर कोण, हा प्रश्न अजून त्या इमारतीत घुमत होता.

आणि रामतनु लाहिडी. त्याने मोठे असे काहीच केले नाही. कृष्णनगर, वर्धमान, उत्तरपाडा, बारिसाल अशा गावांतल्या शाळांत तो मास्तरकी करीत राहिला. १८५१ मध्ये, आपला विश्वास नाही ती खूण अंगावर का बाळगावी म्हणून, त्याने जानवे उतरवले आणि त्यापायी नोकरचाकर, सोयरेधायरे यांचा बहिष्कार वर्षानुवर्षे सोसला. हाडे फेकली नाहीत, कोणाला चिडवले नाही. १८९८ मध्ये तो गेला. सहा वर्षांनी शिवनाथ शास्त्री यांनी त्याचे चरित्र लिहिले. त्या पुस्तकात रामतनूपेक्षा त्याच्या काळाचीच हकीकत अधिक आहे, आणि तिच्यात हिंदू कॉलेजातल्या त्या कोवळ्या मास्तराला भरपूर जागा मिळाली आहे.